पंच कुठे आहेत?

आमच्या घरमालकीणबाई कुरियरवाल्याला दारात किमान दहा मिनिटं उभं करायच्या. आधी पाकिटावरचं नाव वाचायच्या, मग पत्ता, मग पिनकोड. मग पाकीट त्याच्यासमोर फोडायचं, आतली वस्तू बाहेर काढून उलटसुलट बघायची, आणि मगच सही. सहीखाली तारीख, वेळ आणि तीन शब्द : "पाहून सही केली." पुढे फोनच्या काचेवर बोटाने सही करायची पद्धत आली, तेव्हा तिथेही त्यांनी ते तीन शब्द बसवायचा प्रयत्न केला.

"मॅडम, नुसती रेघ मारली तरी चालते," तो पोरगा म्हणाला.

"तुला चालते," मॅडम म्हणाल्या.

नवीन पनवेलमध्ये एकाच इमारतीत त्यांचे दोन फ्लॅट होते. पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या, दुसऱ्या मजल्यावरचा मी भाड्याने घेतला होता. मी आणि माझी मुलगी तिथे सहा वर्षं राहिलो. भाडेकरार झाला त्या दिवशी त्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला, दीड तास. करारात तीन पंखे, चार ट्यूब, एक गिझर असं लिहिलं होतं. ते वाचून झाल्यावर त्या वर आल्या आणि तिन्ही पंखे लावून त्यांच्याखाली एकेक मिनिट उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मॅडम, घर तुमचंच आहे, पंखे तुम्हीच बसवलेत. त्या म्हणाल्या, "सही आत्ता करतेय. आत्ता फिरतात का ते आत्ताच बघायला हवं."

मला या गोष्टीचा राग यायचा, हे कबूल करते. तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. लोक कागद वाचत बसले तर माझा धंदा बसेल. सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तावर सगळे जिन्यात उभ्या उभ्या सह्या करत. मॅडम करत नसत. "मी त्या दिवशी पनवेलमध्ये नव्हते. सभेत काय झालं ते मी कसं सांगू?" सेक्रेटरी हात जोडायचे. मॅडमही उलटे हात जोडायच्या, पण सही करायच्या नाहीत.

त्या सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नोकरी गोवा रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. पनवेलहून रोज एसटीने जाऊन येऊन.

लग्न केलं नव्हतं. नातेवाईक म्हणजे एक बहीण, तीही कोल्हापूरला. करमणूक म्हणजे टीव्हीवरची पोलिसांची मालिका.

त्या मालिकेचं वेड तेव्हा आम्हा सगळ्यांनाच होतं. रोजचे भाग रोज बघायला कोणाला सवड नसे, म्हणून शनिवारी दुपारी आठवड्याचे पाचही भाग सलग लागायचे ते आम्ही मॅडमच्या हॉलमध्ये बसून बघायचो. मी, तिसऱ्या मजल्यावरच्या सकीना भाभी, आणि मोरा बंदरावरून मासे घेऊन येणारी हिराबाई. भाभींचे मिस्टर कुवेतला, मुलं शाळा-कॉलेजात. हिराबाई शेवटची पाटी आमच्या इमारतीत रिकामी करायची आणि मग तासभर उंबऱ्याशी बसायची. आत ये म्हटलं तर म्हणायची, "नको, वास येतो मना." वास तिलाच येतो असा तिचा आव असे.

मालिकेत इन्स्पेक्टर दळवी होता आणि फौजदार केतकी होती. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं आणि ते चारशे भाग झाले तरी दोघांपैकी कोणी बोलत नव्हतं. आम्ही फोनवर एक ग्रुप काढला होता. त्यात कामोठ्यापासून कळंबोलीपर्यंतच्या साठेक बाया आणि सात-आठ पुरुष होते, आणि मुख्य विषय एकच : दळवी कधी बोलणार. मी ग्रुपची अ‍ॅडमिन होते. मॅडमचे संदेश आले की मी फोन पालथा ठेवायचे.

"आजच्या भागात आरोपीच्या घराची झडती घेतली. पंच कुठे आहेत?"

पुढच्या शनिवारी : "दळवीने सुरी रुमालात उचलली. कोणासमोर? पंच कुठे आहेत?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पोलीस कुणाच्या घराची झडती घेतात, काही जप्त करतात, तेव्हा ते बघायला दोन तिऱ्हाईत माणसं लागतात. ते पंच. त्यांच्या डोळ्यांदेखत जे घडलं ते लिहायचं, तो पंचनामा, आणि खाली त्यांच्या सह्या. आरोपी बाई असली तर पंचांमध्ये एक बाई घेतात. मॅडमच्या त्या गावात पोलिसांना हक्काने बोलावता येईल अशा बायका तीनच : शाळेतल्या एक बाई, दवाखान्यातली नर्स आणि या. त्यामुळे नोकरीत असताना पंच म्हणून त्यांनी बऱ्याच सह्या केल्या होत्या. म्हणूनच त्यांना मालिकेत इतर कोणाला दिसत नाही ते दिसतं, असं मी समजत होते.

त्यांच्या मांडीवर एक शंभर पानी वही असायची. भाग क्रमांक, चूक, खरं काय असतं, असे तीन रकाने. "प्रयोगशाळेचा अहवाल दहा मिनिटांत आला. खरं : आठ महिने." "आरोपीला साहेब स्वतः चहा देतात. खरं : कोणी देत नाही." "कोर्टात पहिल्याच दिवशी साक्ष. खरं : तारीख." वही भरली की त्या चॅनेलला रजिस्टर्ड पोस्टाने सविस्तर पत्र लिहायच्या. एकदाच उत्तर आलं : आपल्या प्रेमाबद्दल आभार, सोबत दळवी आणि केतकीचा रंगीत फोटो. मॅडमनी पोच म्हणून आणखी एक पत्र पाठवलं.

"मॅडम, तुम्ही दिलाने बघतच नाही," भाभी म्हणायच्या. "तो तिच्याकडे कसा बघतो ते बघा ना. चुका काय मोजता?"

"तो तिच्याकडे बघतोय म्हणूनच पुरावा कोणी बघत नाहीये," मॅडम म्हणायच्या.

"त्यांचा निकाह लावून द्या एकदाचा, मग बघतील पुरावा."

"लग्न झालं की दोघांपैकी एकाची बदली. एका ठाण्यात नवरा-बायको ठेवत नाहीत."

"या अल्ला, सासू झाली असती ना ही बाई, तर केतकीने राजीनामा दिला असता," भाभी माझ्या कानात म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने. मॅडमही हसल्या. त्यांना चिडवलेलं आवडायचं. ग्रुपवरून मात्र त्यांना दोनदा काढलं गेलं आणि दोन्ही वेळा मीच परत घेतलं. एकतर मालकीणबाई. दुसरं म्हणजे, त्या बरोबर असायच्या.

ज्या शनिवारी सगळं बदललं, त्या शनिवारचा भाग ग्रुपने आधीच डोक्यावर घेतला होता. दळवीला एका बाईच्या घरात रक्ताची सुरी सापडते. तो एकटाच आत गेलेला, केतकी बाहेर गाडीत. कोर्टात बचावाचा वकील विचारतो, सुरी सापडली तेव्हा तिथे दुसरं कोण होतं?  दळवीच्या आधी केतकी उभी राहते, शपथ घेते आणि म्हणते, "मी तिथे होते. मी पाहिलं." दळवी तिच्याकडे बघतो. बासरी. भाभींनी टाळी वाजवली, डोळे पुसले. माझा फोन लाल बदामांनी थरथरत होता.

मॅडमनी वहीत काही लिहिलं नाही.

हिराबाईने उंबऱ्यावरून विचारलं, "आनि ती बाय? जिच्या घरात सुरी गावली म्हंतात, तिचं काय झालं?"

"तिचं काय व्हायचंय? ती खुनी आहे," मी म्हटलं.

"कशावरनं? ही केतकी तर गाडीत व्हती. आमी बघितली ना."

"अगं हिराबाई, ती त्याच्यासाठी झूट बोलली," भाभी म्हणाल्या. "एवढं प्रेम करते ती त्याच्यावर."

"पिरेम हिचं नि फाशी तिला," हिराबाई म्हणाली आणि पाटी उचलायला वळली.

मॅडम उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला. अजून दोन भाग बाकी होते. आत जाऊन त्यांनी नळ सोडला. बराच वेळ नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. भाभींनी मला खुणेने विचारलं, मी खांदे उडवले.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा त्या पायरीवर उभ्या होत्या. हातात एका कागदाची घडी. "याच्या दोन प्रती काढ. आणि वाच."

ते कोर्टाचं समन्स होतं. शुक्रवारी एक हवालदार देऊन गेला होता. त्यांच्या जुन्या नोकरीच्या गावचा अकरा वर्षांपूर्वीचा चोरीचा खटला. सरकार पक्षाच्या पंच साक्षीदार म्हणून हजर राहावे, तारीख सहा आठवड्यांनंतरची.

"जाऊन या," मी म्हटलं. "तुम्हाला सवय आहे."

"मी तिथे नव्हते," मॅडम म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, टेबलावरच्या कागदांच्या कडा नीट करत. एका घरी धुणीभांडी करणारी बाई. मालकिणीच्या चार बांगड्या गेल्या, तिला पकडलं. तिने स्वतःच्या घरातल्या तांदळाच्या डब्यातून बांगड्या काढून दिल्या, असा पंचनामा. मॅडमना कचेरीतून बोलावून घेतलं होतं. त्या ठाण्यात पोचल्या तोवर जीप जाऊन आली होती. बाकावर बसवलं, चहा दिला. मग लाखेचं सील लावलेलं पाकीट आणि लिहून तयार असलेले चार कागद समोर आले. मॅडम, इथे, इथे आणि इथे. त्यांची पनवेलची गाडी पाच दहाला होती. ती चुकली की पुढची साडेसातला.

"आणि तुम्ही सह्या केल्यात."

"पाच वाजून दोन मिनिटांनी. गाडी मिळाली. खिडकीची जागासुद्धा मिळाली."

"दुसरा पंच?"

"वारला. सरकारी वकिलांचा फोन आला होता. म्हणाले, सगळं तुमच्यावर आहे."

मी व्यवहारी बाई आहे. मी जे सुचवलं ते तिथल्या तिथे सुचवलं आणि आजही कोणी विचारलं तर कदाचित तेच सुचवीन. "आठवत नाही म्हणा. अकरा वर्षं झाली. कोणीही मान्य करेल."

"ठाण्यातल्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं," त्या म्हणाल्या. "कपाला कान नव्हता. मला सगळं आठवतंय."

पुढचे सहा आठवडे त्यांनी मला दम खाऊ दिला नाही. मी दूध घ्यायला दार उघडलं की त्या जिन्यात उभ्या. "मी पाहिलं असं म्हटलं, तर कोणाला कळेल?"

"कोणालाही नाही."

"तुला कळेल."

"मी कोणाला सांगणार नाही, मॅडम."

"तसं नाही म्हणत मी."

शनिवारचा टीव्ही बंद झाला. भाभींना सांगितलं की सेट बिघडलाय. भाभींनी लगेच ओळखीचा मेकॅनिक पाठवला आणि मॅडमनी त्याला चांगल्या सेटचे चाळीस मिनिटं वेगवेगळे भाग उघडायला लावले. त्या वाळल्या. मी वरण-भात नेऊन द्यायचे, तो दुसऱ्या दिवशी तसाच डब्यात. एकदा त्यांनी ती शंभर पानी वही माझ्यापुढे टाकली. मधल्या जोडपानावर डावीकडे लिहिलं होतं, "पाहिलं म्हटलं तर". खाली एकच ओळ : तिला शिक्षा. उजवीकडे, "पाहिलं नाही म्हटलं तर". खाली भरगच्च पान. फितूर ठरेन. खोट्या सहीबद्दल माझ्यावर खटला. पेन्शन. चौकशी. पेपरात नाव. बहिणीच्या सासरचे काय म्हणतील. सोसायटी. पोलीस घरी येतील का.

"लांबी बघ," मॅडम म्हणाल्या.

तारखेच्या सकाळी मी दुकान बंद ठेवून माझी जुनी गाडी काढली. पळस्प्याला गोवा रस्त्यावर वळलो तोवर त्यांनी पर्स अकरा वेळा उघडून समन्स आहे का ते बघितलं. मी मोजत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर जागा मिळाली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बारकी बाई बसली होती, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद.

"तुमची पन तारीख हाय?" तिने मॅडमना विचारलं.

"हो."

"कितवं वरीस?"

"पहिलीच तारीख."

"नशीबवान हाव. माझं अकरावं. तारखेला खाडा झाला का वॉरंट काढतात, आनि रोजच्या कामाला खाडा झाला का काम जातं. पयली दोन वर्सं तर गावात कुनी उंबऱ्यात उभी करीत नवतं." तिने पिशवीतून चिवड्याची पुडी काढली आणि मॅडमपुढे धरली. "घ्या. इथं लय येळ लागतो."

मॅडमनी चिमूटभर घेतला. तो हातातच राहिला. तेवढ्यात शिपायाने समन्सवरच्याच खटल्याचं नाव पुकारलं आणि ती बाई उठून आत गेली. मॅडमनी माझा दंड असा धरला की नखांच्या खुणा दुसऱ्या दिवशीही होत्या.

त्या दिवशी काही झालंच नाही. न्यायाधीश रजेवर, पुढची तारीख महिन्याने. बाहेर येऊन त्या बाईने पुडी नीट बांधली, आम्हाला "बसा, येते" म्हणाली आणि गेली.  त्या महिन्यात मॅडमनी निदान तीनदा मला सांगितलं की आपण आठवत नाही असंच म्हणणार आहोत. मी तीनदा म्हटलं, उत्तम.

दुसऱ्या तारखेला सरकारी वकिलांनी पंचनाम्याची प्रत त्यांच्या हातात दिली. "एकदा नजर घाला, मॅडम. असंच्या असं सांगायचं. पाच मिनिटांचं काम." मॅडमनी व्हरांड्यात उभं राहून चारही पानं वाचली. पहिल्यांदाच वाचली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ती बाई समोरच्या भिंतीशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. आता तिला अंदाज आला होता.

मी मागच्या बाकावर होते. शपथ झाली. वकिलांनी सही दाखवली. ही तुमची? माझी. आरोपीने तुमच्या समक्ष डबा उघडून मुद्देमाल काढून दिला?

मॅडमचा आवाज एवढा खाली गेला की न्यायाधीशबाईंनी त्यांना मोठ्याने बोलायला सांगितलं.

"मी जागेवर गेले नव्हते. मी ठाण्यात बसले होते. कागद लिहून तयार होते. मी न वाचता सह्या केल्या."

 वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलटतपासणीची परवानगी मागितली, आणि पाऊण तास मॅडमना सोललं. आरोपीकडून काही मिळालं का? तिला भेटलात का? मागच्या तारखेला तिच्या बाकावर बसून काय घेतलंत? मॅडमनी सगळ्याची उत्तरं दिली. "चिवडा" म्हणताना कोणीतरी हसलं. शेवटी न्यायाधीशबाईंनी स्वतः विचारलं, "तुम्ही जबाबदार सरकारी नोकर होतात. न जाता सही का केलीत?"

"गाडी चुकली असती," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आलो. मला वाटलं, ती बाई पाया पडेल. अशा वेळी पडतात. ती आली, दोन हात अंतरावर उभी राहिली.

"तुमीच का त्या."

"हो."

"त्या दिसाला आल्या असत्या, तं दिसलं असतं तुमाला. डब्यात तांदूळबी नवते."

एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली. तिला तीनच्या आत कामावर पोचायचं होतं.

मॅडमनी मला गाडीत विचारलं, "खरं बोलत असेल का ती?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्या म्हणाल्या, "मलाही नाही. मला माहीत असायला हवं होतं. तेवढंच माझं काम होतं."

त्यानंतर आलेल्या भीतीचं मी सविस्तर लिहीत नाही. गेटवर खाकी दिसली की त्या आतल्या खोलीत जाऊन बसायच्या, आणि ते प्रत्येक वेळी वॉचमनच निघायचे. खात्याकडून एक खुलासा मागवणारं पत्र आलं. मी तीन पानी उत्तर टाईप करून दिलं. त्यांनी ते फाडलं आणि एका ओळीचं केलं : साक्षीत सांगितलं ते खरं आहे. पुढे त्यांना कोणी काही विचारलं नाही. मी कामोठ्यात स्वतःचं घर घेतलं, मॅडम वारल्या त्यालाही आता दोन वर्षं झाली, पण ते शनिवार पुन्हा कधी सुरू झाले नाहीत. दळवी आणि केतकीचं लग्न मी एकटीने बघितलं. चांगलं केलं होतं.

निकाल लागला तो मलाच आधी कळला. साक्षीनंतर चारेक महिन्यांनी, दुकानात सवड होती म्हणून कोर्टाच्या साइटवर खटल्याचा नंबर टाकून पाहिला. आरोपी मुक्त. मी बारा पानांचा प्रिंट काढला, मॅडमना फोन करून बोलावलं आणि शेजारून दोन चहा सांगितले. त्या रिक्षाने आल्या. काउंटरशी उभ्या राहून पहिल्या पानापासून वाचू लागल्या. चहा गार झाला. गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"संशयाचा फायदा देऊन मुक्त, असं आहे."

"सुटली ना, मॅडम."

"निर्दोष असं कुठे लिहिलंय?"

"सुटली म्हणजे सुटली. काय फरक पडतो?"

"मी गेले असते, तर डबा रिकामा होता की भरलेला, ते मला सांगता आलं असतं. मी काय सांगितलं? मला माहीत नाही. त्याचं तिला एवढंच मिळालं." त्यांनी पानं जुळवून टाचणी लावली. "उद्या कोणी कामावर ठेवायच्या आधी हे वाचलं तर?"

"बारा पानं कोण वाचतंय हो?"

"मी वाचली असती," मॅडम म्हणाल्या. "आणि तिला ठेवलं नसतं."